चिंधीच्या घराची मोजदाद

चिंधीचं घर किती गरीब आहे हे ठरवलं जात असताना मी तीनदा तिथे बसलेली होते, आणि पहिल्या दोन्ही वेळा ते चुकीचं ठरलं. पहिल्या वेळी लिहिणारी मीच होते. दुसऱ्या वेळी मी नुसती शेजारीण होते, पण चूक माझीच होती.

आमचं गाव भिवपुरी स्टेशनापासून पाऊण तासाच्या चालीवर आहे. अंगणातून डोंगराच्या उतारावरचे वीजघराचे जाड पाइप दिसतात. मी लग्न होऊन आले तेव्हा गावात वीज नव्हती. वीजघराच्या कॉलनीतले दिवे मात्र आमच्या ओट्यावरून दिसायचे. सासूबाई म्हणायच्या, "बघून घे, फुकट हाय."

चिंधी त्याच वर्षी शेजारच्या घरात सून म्हणून आली. दोन घरांत एकच भिंत. तिकडे भाकरी थापली तरी इकडे ऐकू यायची. तिच्या आईची आधीची तीन मुलं गेली होती, म्हणून हिचं नाव चिंधी ठेवलं. फाटक्या चिंधीला कोण हात लावतो, मृत्यूही लावत नाही, असा त्या काळचा हिशेब. चांगली वस्तू टिकवायची तर ती वाईट आहे असं सांगायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. या गोष्टीत ती रीत पुन्हा येणार आहे, म्हणून सांगून ठेवते.

मुलगा साईनाथ सहा वर्षांचा असताना चिंधीचा नवरा गेला. त्या सुमारास गावात अंगणवाडी सुरू झाली होती आणि मॅट्रिक झालेली सून म्हणून मला सेविकेचं काम मिळालं होतं. साईनाथ माझ्या पहिल्या तुकडीतला. पाढे म्हणताना सातावर अडायचा आणि अडला की हसायचा. तेव्हापासून सगळा गाव मला बाई म्हणतो. फक्त चिंधी जये म्हणते.

वीस-बावीस वर्षांपूर्वी सरकारी पाहणी आली. कागदावर तेरा प्रश्न, प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण. गुण जितके कमी तितकं घर गरीब. छप्पर कसलं, जेवण किती वेळा, कपडे किती, घरात टीव्ही, पंखा, कुकर, रेडिओ आहे का. गावात बातमी माझ्या आधी पोचली होती. सायकली गोठ्यात गेल्या, कुकर पेंढ्यात गेले. गोमाभाऊंनी रेडिओ भाताच्या कणगीत पुरला, पण बंद करायला विसरले. मी ओट्यावर बसून "रेडिओ आहे का" विचारते आहे आणि कणगीतून बाजारभाव ऐकू येतायत.

"भात बोलतंय जनू," मी म्हटलं.

"नवीन बियाणं हाय, बाई," गोमाभाऊ चेहरा न हलवता म्हणाले.

मी "नाही" लिहिलं. सगळ्यांचंच लिहिलं. माझ्या हातानं गाव गरीब होत होतं आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, कारण गाव गरीब होतंच.

चिंधीच्या घरी मात्र लपवायला काही नव्हतं, म्हणून मी ते घर शेवटी ठेवलं होतं. गेले तर ओट्यावर दोन पुरुष बसलेले. लोधिवलीहून मुलीचे काका आणि मामा घर बघायला आले होते. मुलीचं नाव हर्षला. साईनाथ बाविशीचा, नवी टोपी घालून खांबाला टेकलेला. मी कागद पदरामागे घेतला आणि "मागाहून येते" म्हणून वळले. पण मामांनी कागद पाहिला होता.

"कसली पाहणी, बाई?" त्यांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत चिंधी म्हणाली, "इचार की गं जये. आमच्यात लपवायला काय हाय?"

मग मला विचारावं लागलं. जेवण दोन वेळचं होतं का? "देवाच्या कृपेनं होतंय." धान्य किती महिने पुरतं? "वर्षाचं हाय." कपडे किती?

"चार लुगडी," चिंधी म्हणाली. "नि सणाचं येगळं."

तिची लुगडी दोन होती. एक दोरीवर वाळत होतं, दुसऱ्याला वीतभर ठिगळ होतं. त्या दिवशी तिच्या अंगावर होतं ते माझं होतं. सकाळीच भिंतीपलीकडून मागून नेलेलं. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी लिहिलं. मामांनी मान डोलावली. चहा घेऊन ते उठले आणि जाताना म्हणाले, "घर खाऊनपिऊन सुखी हाय."

घरी येऊन मी आकडे खोडू शकले असते. पण यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचली जायची. लग्न ठरायचं होतं आणि सोयऱ्याच्या कानावर ते गेलं तर? लग्न पार पडलं की दुरुस्त करू, असं मी ठरवलं. लग्न पार पडलं तोवर यादी तालुक्याला जाऊन पक्की झाली होती. चिंधीचं घर तीन गुणांनी रेषेच्या वर गेलं होतं. गोमाभाऊंना पिवळं रेशनकार्ड मिळालं, चिंधीचं केशरीच राहिलं.

हर्षला आली आणि आठ दिवसांत तिला घराचा ठाव लागला. ती तोंडाची तिखट. पुढे कित्येक वर्षं भांडी घासताना भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "मामांनी चार लुगड्यांच्या घरात दिली मला. दोन अजून हुडकतेय."

"तुझ्या मामानं तरी सांगितलं व्हतं का, पोर घोरते म्हनून?" चिंधी म्हणायची. मग दोघी हसायच्या.

साईनाथ पुढे खालापूरच्या बाजूला खडी फोडायच्या मशीनवर कामाला लागला. सतरा वर्षं गेला. संध्याकाळी यायचा तेव्हा भुवयांवर पिठासारखी धूळ असायची आणि मुलगी भाविका त्याला म्हातारबाबा म्हणून चिडवायची. त्या तीन गुणांमुळे तो तिथे गेला असं मी म्हणत नाही. पाऊण एकरात कोणाचं भागतं? स्वस्त धान्य मिळालं असतं तरी तो कदाचित गेलाच असता. पण गेला नसता, असंही मी रोज स्वतःशी म्हणून पाहते.

भाविकाचं खोपोलीला लग्न झालं आणि दुसऱ्याच वर्षी साईनाथचा दम उखडला. पनवेलच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला. धूळ फुप्फुसात बसली होती आणि ती निघणार नव्हती. दिवसातले अठरा-वीस तास ऑक्सिजन लागेल, म्हणाले. कोरोनानंतर बऱ्याच घरांत ऑक्सिजनची मशीनं पडून होती. नेरळच्या एका माणसाकडून असंच एक जुनं मिळालं. हर्षलाच्या गळ्यातलं त्यात गेलं. गळ्यात काळी पोत राहिली.

ते मशीन माझ्या भिंतीला लागूनच ठेवलं. आधी धापेसारखा आवाज, मग फुस्स, मग पुन्हा धाप. पहिले पंधरा दिवस मला त्याचा त्रास झाला. नंतर तो थांबला की मी उठून बघायला जायचे.

हर्षला शेलूला नव्या इमारतींचे जिने पुसायला जायची. महिना नऊ हजार. घरात तीन माणसं. नऊ हजार म्हणजे फार नव्हे, पण अगदीच भुकेकंगाल नव्हे, असं कोणीही म्हणेल. पण ते नऊ हजार घरात येऊन बसतच नव्हते. लाईटबिल आधी तीनशे-साडेतीनशे यायचं, ते तीन हजारांवर गेलं. फवारे आणि गोळ्या अडीच हजारांच्या. महिन्यातून एकदा पनवेलला नेआण, तीही पूर्ण गाडी करून, कारण स्टेशनचा पूल त्याला चढवत नव्हता. हर्षलाचा जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. यातलं एकही असं नव्हतं की हा महिना राहू दे म्हणता येईल. सणाला साडी नको म्हणता येतं, श्वास नको कसं म्हणणार? जे उरायचं त्यात तीन माणसं महिना काढायची. मीठ आणि भात, मागच्या दारचा शेवग्याचा पाला नि शेंगा, आणि हर्षला ज्यांचे जिने पुसायची त्यांचं उरलंसुरलं.

मला पेन्शन नाही. सेविकांना पेन्शन नसते. निवृत्त होताना एकरकमी मिळालेले थोडे पैसे आणि माझा मुलगा, नवीन, पुण्याहून पाठवतो ते, यावर माझं चालतं. कधी दोनशे, कधी पाचशे मी भिंतीपलीकडे द्यायचे. चिंधी घ्यायची आणि त्याच संध्याकाळी काहीतरी परत करायची, वाटीभर वाल, चार कोकमं. रिकामं भांडं परत करायचं नसतं.

गेल्या वर्षी माघात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. कर्जतची एक संस्था बारा गावांत गरीब कुटुंबांची पाहणी करणार होती. यादीत येतील त्या घरांना दोन वर्षं, महिना तीन हजार, थेट बँकेत.

तीन हजार म्हणजे बरोबर लाईटबिल. फळ्यासमोर उभी राहून मी तो कागद दोनदा वाचला आणि मला वाटलं, ते तीन गुण परत करायची वेळ आली.

मी कोणालाही काही विचारलं नाही. पाहणी म्हणजे काय हे गावात माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्याच दिवशी चिंधीच्या ओट्यावर बसून मी तिघांना शिकवलं. काय दिसायला नको, काय बोलायचं नाही. मिक्सर माझ्याकडे आणायचा. पंखा राहू दे, पंखा आता सगळ्यांकडे असतो. मशीन मात्र हलवायचं.

"मशीन?" हर्षला म्हणाली. "बाई, आजारपण सांगायला नको?"

"आजारपणाला रकाना नसतो गं," मी म्हटलं. "मशीनला असतो. विजेवर चालणारी एवढी मोठी वस्तू नि तीन हजारांचं बिल बघितल्यावर तुम्हांला गरीब कोण म्हणेल? बिल विचारलं तर साडेतीनशे सांगा. कागद भरायला दिलाय म्हणा."

चिंधी माझ्याकडे बघत होती. "ह्या टायमाला खरं नाय बोलायचं?"

"त्या वेळी तू जास्त सांगितलंस. या वेळी कमी सांग."

साईनाथ नळी नाकात घालून खाटेवर बसला होता. दोन शब्द बोलायचा, थांबायचा. "बाई," तो म्हणाला, "मला बी... कणगीत घाला. गोमाभाऊंचा... रेडिओ."

सगळे हसलो. मी म्हटलं, "तू वाजशील."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की शांत बसला तर अर्धा-पाऊण तास मशीनविना चालतं. पाहणीला तेवढाच वेळ लागणार. संस्थेची मुलगी दहाला येणार, असा निरोप होता. पावणेदहाला हर्षलानं आणि मी मशीन उचलून माझ्या स्वयंपाकघरात ठेवलं आणि वर गोधडी टाकली. हर्षलानं त्या दिवशी खाडा केला होता. साईनाथ ओट्यावर भिंतीला टेकून बसला. सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी.

मुलगी आली ती साडेदहाला; आत्ता येईल, आत्ता येईल म्हणून आम्ही मशीन परत आणलंच नव्हतं. नाव फिझा, नेरळची. हातात टॅब. चेहरा ओळखीचा वाटला म्हणून विचारलं, तर कमरजहाँची नात निघाली. कमरजहाँ डोक्यावर टोपली घेऊन आमच्या गावात सुकट-बोंबील विकायला यायची आणि माझ्या ओट्यावर पाणी प्यायची.

"दादी अजून तुमचं नाव काढते," फिझा म्हणाली. "बाई खोटं बोलत नाहीत, म्हणते. वजन कमी असलं तर तोंडावर सांगायच्या."

मी हसले. तिनं माझ्या पाया पडायला वाकल्यासारखं केलं. मग चटईवर बसून ती एकेक प्रश्न विचारू लागली. मुलगी नीट होती, घाई करत नव्हती. तेच नडलं.

घरात माणसं किती, शेत किती, कमावतं कोण. हर्षलाचे नऊ हजार तिनं लिहिले.

"आणि दादा? काय काम करता?"

"घरीच," साईनाथ म्हणाला.

"आधी?"

"खडी."

"का सोडलं?"

"जमंना."

तो तोडून बोलतो असं तिला वाटलं असावं. तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. बेचाळीस-पंचेचाळीसचा पुरुष, बायको जिने पुसते, हा ओट्यावर बसून. तिनं काहीतरी दाबलं. काम करू शकणारी माणसं: दोन. मला टॅबवर ते वाचता आलं.

लाईटबिल? चिंधीनं पढवल्याप्रमाणे साडेतीनशे सांगितलं. घरातल्या वस्तू? पंखा. सव्वाअकरा झाले. साईनाथचे ओठ जांभळट दिसू लागले होते. हर्षला त्याच्या आणि फिझाच्या मध्ये येऊन उभी राहिली, पदर पसरून, वाल निवडायचं सूप हातात घेऊन.

मग फिझानं बोट सरकवलं आणि विचारलं, "आता आजी, महिन्याला असा कुठला खर्च आहे का, जो टाळताच येत नाही?"

चिंधीनं माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न मी शिकवला नव्हता.

"म्हणजे औषधं," फिझा म्हणाली, "दवाखान्याला जाणंयेणं, घरभाडं. विजेवरचं एखादं यंत्र लागत असेल आजारी माणसाला, त्याचं बिल. पूर्वी हे विचारत नसत. आम्ही काय करतो, जे येतं त्यातून हे सगळं आधी वजा करतो. मग जे उरतं त्यावर घर गरीब आहे का बघतो. म्हणून आठवून सांगा. काहीही असलं तरी सांगा."

जो रकाना मी वीस वर्षं शोधत होते, तो तिच्या मांडीवर उघडा होता. आणि मशीन माझ्या स्वयंपाकघरात गोधडीखाली होतं.

चिंधीनं मी सांगितलेलं सगळं एकवार आठवलं असणार. कमी सांग. मग ती सावकाश म्हणाली, "खर्च? काय नाय बाई. सगळं बरं हाय."

"नक्की?"

"सगळं बरं हाय."

फिझानं हर्षलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बोलायला हवं होतं. न बोलण्याची कारणं मी नंतर पुष्कळ वेळा मांडून पाहिली आहेत. खोटं उघडं पडलं तर घर यादीतूनच उडेल असं वाटलं. साईनाथचा श्वास संपत आला होता, मुलगी लवकर उठावी असं वाटलं. ही दोन्ही खरी आहेत. तिसरं असं, की बाई खोटं बोलत नाहीत असं ती तासाभरापूर्वी म्हणाली होती. मला कमरजहाँच्या नातीसमोर ते खोटं ठरवायचं नव्हतं.

तिनं बटण दाबलं. टॅबनं टुक् असा आवाज केला.

ती वळणाआड गेली आणि हर्षलानं आणि मी मशीन पळवत आणलं. साईनाथ आडवा पडला होता. ऑक्सिमीटर बोटाला लावला तर एकाहत्तर. चिंधी त्याचे तळवे चोळत राहिली. आकडा पंच्याऐंशीला यायला अर्धा तास लागला. तो बोलता झाला तेव्हा म्हणाला, "बाई... सातावर... अडलो."

दुसऱ्या दिवशी मी खरं लाईटबिल, औषधांच्या चिठ्ठ्या, छातीचा फोटो सगळं पिशवीत घालून कर्जतला गेले. संस्थेच्या कार्यालयात योगेंद्र नावाचा तरुण बसला होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. लपवलं हेही सांगितलं.

त्यानं शांतपणे ऐकलं. "आजी, माहिती काल रात्रीच पुढे गेली. ती इथून बदलता येत नाही. एकाचं बदललं तर बारा गावं बिलं घेऊन येतील. आणि आता या घराची दोन उत्तरं झाली. कुठलं खरं, हे वरचे लोक तुमच्या शब्दावर कसं धरतील?"

"येऊन बघा. माणूस नळी लावून पडलाय."

"अर्ज द्या. पुढच्या वर्षीच्या फेरीत हे घर पुन्हा बघायला सांगतो. एवढं मी करू शकतो."

त्याचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. मी अर्ज लिहिला, अंगणवाडीच्या अहवालासारखा, समास सोडून. बाहेर आले तर पायरीवर फिझा.

तिला कळलं होतं. ती रागावली नाही. तिनं फक्त विचारलं, "बाई, तुम्ही तिथेच बसला होतात ना?"

"होते," मी म्हटलं.

चैत्रात यादी लागली. चिंधीचं घर त्यात नव्हतं. मी सांगायला गेले तर चिंधी चूल सारवत होती. "जये, आपल्याला गरीब बी नीट व्हता येत नाय," ती म्हणाली आणि सारवत राहिली. हर्षला मात्र त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. पुढेही महिनाभर बोलली नाही.

त्यानंतर साईनाथनं मशीन मोजून वापरायला सुरुवात केली. मीटर त्याच्या खाटेसमोरच होता. त्यावरचा लाल दिवा लुकलुकायचा, आणि तो नजर लावून बसायचा. सकाळी हर्षला कामावर गेली की तो बटण बंद करायचा आणि अकरा-बाराला पुन्हा लावायचा. भिंतीपलीकडचा आवाज थांबला की मी जायचे.

"अरे, लाव ते."

"बसलोय... नुसता. लागत नाय."

"डॉक्टरांनी अठरा तास सांगितलेत."

"डॉक्टर... बिल भरतो का?"

जेठात मी इलेक्ट्रिशियन बोलावला आणि भिंतीला भोक पाडून माझ्या मीटरवरून तिकडे एक बोर्ड नेला. हर्षला दारात उभी राहून बघत होती. तिनं विचारलं, "हे कशाला?"

"माझ्याकडे एकटीला वीज किती लागते?" मी म्हटलं.

"तुमच्या चुकीची भरपाई हाय ही."

"हो," मी म्हटलं. ती आत गेली आणि इलेक्ट्रिशियनसाठी चहा घेऊन आली. दोन कप. दुसरा माझा.

साईनाथ पुन्हा दिवसभर मशीन लावू लागला, पण डॉक्टर म्हणाले की मधल्या काळात हृदयावर ताण आला आहे. तो मधला काळ किती दिवसांचा होता हे मला माहीत आहे. छप्पन्न दिवसांचा.

भातं निसवली तेव्हा तो गेला. दुपारचे बारा वाजले होते. मशीन चालू होतं. आवाज थांबला नाही, म्हणून मी गेले नाही. चिंधी शेतावरून आली आणि तिनं बटण बंद केलं. तेव्हा मी उठले.

दिवसकार्य झाल्यावर त्या महिन्याचं बिल माझ्या नावावर आलं. तो गेला त्या दिवसापर्यंतचे युनिट त्यात होते. नवीननं पुण्याहून फोनवर विचारलं, "आई, एवढं बिल कसलं? मीटर बघून घे." मी म्हटलं, बरोबर आहे. पुढच्या महिन्यात बिल एकशे नव्वद आलं. ते दोन्ही कागद मी एकत्र टाचून ठेवले आहेत.

या माघात फिझा पुन्हा आली. माझ्या अर्जावरून तिला पाठवलं होतं. तिला साईनाथचं ठाऊक नव्हतं. ओट्यावर पाय ठेवताना तिनं आत पाहिलं. खाट उभी करून ठेवलेली, मशीन कोपऱ्यात, त्यावर टोपली पालथी घातलेली. ती खाली बसली. चिंधी भिजवलेले वाल सोलत होती. हर्षला कामावर गेली होती.

"आजी, मला विचारावं लागेल," फिझा म्हणाली.

"इचार की."

माणसं किती? दोन. कमाई? हर्षलाला आता दहा हजार मिळत होते. फिझानं लिहिलं. मग तिचं बोट थांबलं. ते कशावर थांबलं हे मला न बघता कळलं.

"टाळता न येणारा खर्च?" तिनं हळू आवाजात विचारलं. "औषधं... वीज..."

चिंधीनं एक वाल सोलला, डाळिंबी वाटीत टाकली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. या वेळी तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"काय नाय बाई," ती म्हणाली. "सगळं बरं हाय."

फिझानं लिहिलं नाही. ती माझ्याकडे वळली. "बाई, वजा करायला काहीच नसेल, तर हे घर यादीतून बाहेर जाईल. मी काय लिहू? चिंधीआजी सांगतायत ते बरोबर आहे?"

भिंतीपलीकडे, माझ्या घरात, कसलाच आवाज नव्हता. इकडेही नव्हता. फक्त वाटीत डाळिंबी पडल्याचा.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "लिही."